स्पीनहॅमलँडचा हिशेब

६ मे १७९५. इंग्लंडात धान्य कडाडले होते. बर्कशायर परगण्यातील स्पीनहॅमलँड येथे न्यायाधीश जमले. मजुरीचा दर बांधून देण्याची सूचना त्यांनी नाकारली व असे ठरविले की, ८ पौंड ११ औंसांचा पाव एक शिलिंगास असता मजुरास आठवड्यास ३ शिलिंग आणि बायकोमुलांस दरडोई दीड शिलिंग पडावेत. उणीव गरीब-करातून भरावी. हेतू दयेचाच. परंतु दोन मुलांच्या बापाने काय करावे? त्याचा हक्क साडेसात शिलिंगांचा. सहा कमावले, तर दीड करातून. जादा खपून सात कमावले, तर अर्धाच. बेरीज तीच! मग वाण्याची मागील उधारी फिटावी कशातून? आणि मजुरी वाढविण्याची निकड शेतमालकास तरी का भासावी? १८३४ च्या चौकशी-मंडळाने, अशा मदतीने मजूर आळशी होतो, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षीच्या कायद्याचा रोख धडधाकटांची घरबसल्या मदत तोडून त्यांस वर्कहाऊस दाखविण्याचा होता. मजुरीच्या दरास त्यानेही हात लावला नाही.