आजी विचारते, भूकंप कधी?

लॉस एंजेलिसला ऑनसाइट आल्यापासून आजीचा फोनवर एकच प्रश्न. "तिथे भूकंप होतात म्हणे. आता कधी आहे?" १९६७ चा कोयनेचा भूकंप तिने कराडला अनुभवलाय, त्यामुळे "काही होत नाही गं" हे तिच्यापुढे चालत नाही. मग बसलो वाचत. वीकेंड गेला कामातून :)

शहराच्या ईशान्येला साधारण ५५ किलोमीटरवर, सॅन अँड्रियास फॉल्टवरच, पॅलेट क्रीक नावाचा ओढा आहे. पूर्वी तिथे दलदल होती. कुजलेल्या झाडपाल्याचा काळा थर, त्यावर पुराची वाळू, परत काळा थर, असं शतकानुशतकं साचत गेलं. भूकंपात जमीन फाटली की तोवरचे थर तुटतात, नंतर साचलेले अखंड राहतात. म्हणजे तुटलेला सगळ्यात वरचा थर आणि त्यावरचा पहिला अखंड थर, भूकंप या दोघांच्या मधला. काळ्या थरांचं वय कार्बन-१४ वरून काढायचं. १९७० च्या दशकात केरी सीह यांनी पीएचडी करताना तिथे चर खणून हेच केलं. टाइमस्टॅम्प नसलेली लॉग फाइल वाचण्यातलाच प्रकार!

१९८९ मध्ये तारखा आणखी नेमक्या झाल्या: दहा भूकंप, सरासरी अंतर १३२ वर्षं. शेवटचा १८५७ चा. आता करा वजाबाकी... मीही केली, आणि जरा टरकलो.

पण ही सरासरी फसवी आहे. भूकंप दोन-तीनच्या घोळक्याने येतात, मग दोन-तीन शतकं शांतता. १८५७ च्या आधीचा १८१२ चा. त्यात सान हुआन कापिस्त्रानोचं चर्च कोसळून चाळीसेक माणसं गेली. तो समुद्राकाठच्या कुठल्यातरी फॉल्टचा असं बरीच वर्षं मानत. मग राइटवुडला फॉल्टवरच्या जुन्या पाइन झाडांची वाढ १८१२ नंतर एकदम खुंटलेली सापडली, मुळं तुटल्यामुळे. म्हणजे मधलं अंतर फक्त ४४ वर्षं!

शिवाय फॉल्टच्या दोन्ही बाजू वर्षाला साधारण ३४ मिलिमीटर सरकतायत, वॉलेस क्रीकच्या वाकलेल्या ओढ्यावरून काढलेला हा आकडा. फॉल्ट मात्र १८५७ पासून अडकून बसलाय. दीडशे वर्षांचे धरले तरी पाच मीटर तुंबलेत.

आजीला एवढंच सांगितलं, की कधी ते सांगता येत नाही, पण होणार. ती म्हणाली, "मग कपाटं भिंतीला ठोक."

आज ठोकली. घर भाड्याचं आहे, डिपॉझिटमधून कापतील बहुतेक.