शंकेचे उत्तर

जाहिरात म्हणजे आपल्या मालाची आपणच ओवाळलेली आरती, असा आपल्याकडे समज आहे. म्हणून मराठी दुकानदार पाटी लावतो आणि गप्प बसतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. ज्या लहान धंद्यांनी शब्दांच्या बळावर नाव मिळवले, त्यांनी आत्मस्तुतीपेक्षा गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ओळखण्याकडे अधिक लक्ष दिले, असे मला दिसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराचेच पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. अशा भीतीपुढे ‘उत्तम’, ‘मजबूत’ ही विशेषणे काय कामाची? शेतकऱ्याशी बोलत राहणे हाच उपाय होता. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी म्हणून. पुढे तीच ‘किर्लोस्कर’ मासिक झाली. एका नांगराच्या जाहिरातीपायी मराठीला केवढे मासिक लाभले!

आता आमच्या भागाकडे येतो. मी लोअर परळचा. घाटावरच्या आणि कोकणातल्या शेतकऱ्यांचीच मुले येथे गिरण्यांत साचे चालवायला आली. त्यांच्या शेजारी, परळात, केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली ‘विको’चा संसार मांडला. घरगुती प्रमाणावर दंतमंजन तयार करायचे आणि बापलेकांनी ते दारोदार विकायचे, असा आरंभ होता. बाजारात विलायती धर्तीच्या पेस्टींची चलती होती. पेंढरकरांनी नाव निवडले ‘वज्रदंती’. हे कोरांटीच्या जातीतल्या एका वनस्पतीचे नाव. पण ऐकणाऱ्याला वज्रासारखे दातही दिसतात. एका शब्दात औषध आले, गुण आला आणि आजीबाईच्या बटव्याची ओळखही आली.

पुढे हळदीच्या मलमाची पाळी आली. मलम पिवळे, तोंड पिवळे होईल ही शंका कोणालाही यावी. विक्रेते म्हणे आरसा बरोबर नेत आणि मलम तिथेच लावून दाखवीत. ही आरशातली जाहिरात मला फार आवडते.

पण शब्द धन्यालाही बांधून घेतात. हे प्रसाधन नव्हे, आयुर्वेदिक मलम आहे, असे या मालाच्या जाहिराती गाऊन सांगत. अबकारी खात्याला ते मान्य नव्हते, कारण प्रसाधनावरचा कर जड. वाद वर्षानुवर्षे चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जे गिऱ्हाइकाला सांगितले तेच न्यायाधीशापुढे सांगता आले, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि हळूहळू भोंगे थांबले. गिरण्यांच्या जागी आज मॉल आहेत, कचेऱ्या आहेत. त्यांत जाहिरात करणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांचे दर चाळीतल्या धंद्याला कोठून परवडणार? आमच्या चाळीत पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एका बाईंनी मला हस्तपत्रक लिहून मागितले. ‘रुचकर, घरगुती, स्वच्छ’ हे शब्द त्यांनी आधीच काढून ठेवले होते. मी विचारले, “ताई, नवे गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारते?” त्या म्हणाल्या, “तेल कोणते, डबा किती वाजता, आणि एक दिवस नको असला तर पैसे कापता का?”

तीन प्रश्नांची तीन उत्तरे आम्ही लिहिली. चौथी ओळ नावपत्त्याची. ‘साडेबारा’ लिहिताना त्या जरा थांबल्या. “आता मात्र साडेबारालाच पोहोचवावा लागेल हो,” म्हणाल्या, आणि मग “लिहा” म्हणून त्यांनी मान हलवली.