आयएसओचं आजोळ

चंद्राचा फोटो काढू पाहणाऱ्या नवशिक्याला हमखास सांगितलं जातं: आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/11, शटर 1/100 सेकंद. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणून सेटिंगही जवळपास दिवसाचंच. ताऱ्यांसाठी मात्र आयएसओ 3200, एफ/2.8 आणि ट्रायपॉडवर 20 सेकंद. अ‍ॅपर्चर आणि शटरची कुळकथा कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळते. मला वेड लावलं ते आयएसओने, म्हणजे संवेदनक्षमतेच्या आकड्याने, कारण त्याचा माग काढताना वाट थेट वेधशाळेत निघाली.

छायाचित्राच्या प्लेटचा वेग, म्हणजे तिची प्रकाशाला असलेली संवेदनक्षमता, मोजण्याचा उद्योग बराच जुना. 1880 मध्ये लिओन वॉर्नर्कीने त्यासाठी उपकरण काढलं, 1890 मध्ये इंग्लंडात हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी त्याचं शास्त्र मांडलं. पण आजच्या आयएसओची खरी वंशरेषा सुरू होते 1894 मध्ये, जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या ज्युलियस शाइनरपासून. हा छायाचित्रकार नव्हे, खगोलशास्त्रज्ञ. त्या काळात जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन ताऱ्यांचा छायाचित्र-नकाशा करायला घेतला होता. पोट्सडॅमच्या वाट्याला आलेल्या पट्ट्याचा काही भाग पुढे हैदराबादच्या निझामिया वेधशाळेने पुरा केला. अशा कामात कुठली प्लेट किती मंद तारा टिपते हे आधी कळायला हवं, एरवी एकाचा नकाशा दुसऱ्याशी जुळायचाच नाही. ताऱ्यांच्या छायाचित्रणासाठी प्लेटांची तुलना करता यावी म्हणूनच शाइनरने आपले अंश ठरवले: 1 ते 20. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत संवेदनक्षमता शंभर पट वाढते, आणि तीन अंश चढले की जवळपास दुप्पट होते.

शंभरच का? इथे माझा एक लाडका सिद्धांत आहे. 1856 मध्ये नॉर्मन पॉगसनने ताऱ्यांच्या प्रतींना गणिती शिस्त लावली: पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शंभर पट तेजस्वी. हाच पॉगसन 1861 पासून 1891 मध्ये वारेपर्यंत मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता. शाइनरचा रोजचा व्यवहार प्रतींशीच. मोजपट्टी आखायला बसल्यावर त्याच्या हाताशी आधी पॉगसनचं शंभरच आलं असणार, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

आयएसओची वंशरेषा शाइनरपासून धरण्यावर पहिला आक्षेप असा, की कॅमेऱ्यावर दिसणारे 100, 200, 400 हे आकडे अमेरिकन एएसए पद्धतीचे. खरं आहे. जर्मनांनी 1934 मध्ये शाइनरच्या धर्तीवर डीआयएनचे अंश आणले, आयएसओ या मानक संस्थेने पुढे दोन्ही पद्धती एकत्र बांधल्या. म्हणून फिल्मच्या खोक्यावर 100/21° असं छापलेलं असतं. डिजिटल कॅमेऱ्यात अंश गळाले, अमेरिकन आकडा उरला. पण मेनूत एक-तृतीयांश स्टॉप निवडा आणि चाक सावकाश फिरवा: 100, 125, 160, 200. तीन टिचक्यांत दुप्पट. अमेरिकन आकड्यांच्या पोटात ही जर्मन पायरीच बसली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. 100, 125, 160 ही तर शार्ल रनारची मालिका! एकोणिसाव्या शतकात या फ्रेंच लष्करी अभियंत्याने बलूनच्या दोरांच्या जाड्यांचे नाना प्रकार आटोक्यात आणण्यासाठी ती बसवली होती. शिवाय डीआयएनचं सूत्र टेलिफोनवाल्यांच्या डेसिबलसारखंच, लॉगरिदमला दहाने गुणणारं. हे दोन्ही मला मान्य आहे. गोल आकडे रनारच्या वळणाचे, सूत्र डेसिबलच्या घाटाचं. पण वेगाची मोजणी पायऱ्यांनी करायची आणि तीन पायऱ्यांत दुप्पट व्हायचं, ही रीत शाइनरने डेसिबलच्या कितीतरी आधी घालून दिली होती. डीआयएनने फक्त त्याच्या 19 पायऱ्यांच्या शंभर पटीला 20 पायऱ्या दिल्या.

त्या एका जादा पायरीने जे घडलं ते पाहून मी हरखून गेलो. वीस अंशांत शंभर पट, पाच प्रतींत शंभर पट. म्हणजे चार अंश बरोबर एक प्रत! आयएसओ 100 वरून चार टिचक्या पुढे गेलात की 250. बाकी काही न बदलता आता एका प्रतीने मंद असलेला तारा पडद्यावर आधीच्याइतकाच उजळ दिसतो. हा मेळ कुणी ठरवून घातला असं मी म्हणणार नाही. मात्र दोन्हीकडे शंभर नसतं तर तो जुळलाच नसता.

आता सुरुवातीची दोन सेटिंगं शेजारी ठेवा. एफ/11 वरून एफ/2.8 म्हणजे 16 पट, 1/100 वरून 20 सेकंद म्हणजे 2000 पट, आयएसओ 100 वरून 3200 म्हणजे 32 पट. गुणाकार 10 लाखांच्या जरा वर. 10 लाख म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर: पॉगसनच्या 15 प्रती, डीआयएनचे 60 अंश.