नकाशावरचा खोटा सूर्य

आल्प्स पर्वताचा एखादा छायांकित नकाशा समोर धरला म्हणजे त्यांतील शिखरें कागदांतून वर आल्यासारखीं वाटतात. आतां तोच नकाशा उलटा धरून पाहा. बहुतेकांना शिखरांच्या जागीं खळगे दिसूं लागतात आणि नद्या डोंगरांच्या कण्यावरून वाहूं लागतात! कागद तोच, शाई तीच. मग डोंगराची दरी केली कोणीं?

हें कोडें जुनें आहे. वस्तू उलटी दाखविणाऱ्या नळींतून पाहिलें असतां उंचवटे खोलगट भासतात, याचें कारण फिलाडेल्फियाचे ज्योतिर्विद डेव्हिड रिटनहाउस यांनीं १७८६ मध्यें सांगितलें. उजेड कोणत्या बाजूनें येतो याविषयीं मन आधींच एक समजूत करून घेतें आणि त्या समजुतीवरून उंचसखलपणा ठरवितें. आपला सूर्य वर, आपला दिवाहि वर. म्हणून कागदावरचा उजेडहि वरच्या बाजूनेंच येत असला पाहिजे, असें डोळा धरून चालतो.

नकाशाकारांना मात्र हें सत्य सहज पचलें नाहीं. सॅक्सनीच्या सैन्यांतील अधिकारी योहान गेओर्ग लेमान यांनीं १७९९ मध्यें एक काटेकोर नियम घालून दिला: चढ जितका उभा, तितक्या रेघा जाड. हिशेब चोख होता. परंतु माथाहि पांढरा आणि दरीचा तळहि पांढरा! सैनिकाला उतार किती तें कळे, पण डोंगर डोळ्यांपुढें उभा राहत नसे.

तो उभा केला सेनापति द्युफूर यांनीं. १८४५ ते १८६५ या काळांत त्यांच्या देखरेखीखालीं स्वित्झर्लंडचा पंचवीस पत्र्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांत उजेड वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यांतून, तिरपा येतो. नकाशा इतका मान्य झाला कीं, देशांतील सर्वांत उंच शिखराला १८६३ मध्येंच त्यांचें नांव मिळालें.

परंतु हा सूर्य खोटा होता! त्या देशांत दुपारचा सूर्य दक्षिणेस असतो. वायव्येस तो फार तर उन्हाळ्यांत मावळतांना किंचित झुकतो. ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत ज्या दक्षिणाभिमुख उतारांवर द्राक्षें पिकतात, ते उन्हाचे उतार अशा नकाशावर छायेंत जातात. हा आक्षेप खराच होता. विसाव्या शतकांत झ्यूरिकचे प्राध्यापक एदुआर्त इमहोफ यांनीं त्याचा विचार केला. तथापि डोळ्याला दरी दरीच दिसावी, यासाठीं वायव्येचाच उजेड त्यांनीं पसंत केला. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, झ्यूरिक येथीलच एका अभ्यासांत उजेड वायव्येपेक्षां थोडा आणखी उत्तरेकडे सरकविणें अधिक निर्धोक ठरलें.

आज उपग्रहांच्या छायाचित्रांनीं तोच प्रश्न पुन्हां आपल्या दारीं आणला आहे. हिवाळ्यांत सकाळीं टिपलेल्या सह्याद्रीच्या चित्रांत ऊन आग्नेयेकडून येतें. उत्तर दिशा वर ठेवून तें पाहिलें, तर खोल दऱ्या पुष्कळदां डोंगररांगांसारख्या भासतात. छायाचित्रांतला सूर्य खरा, आणि फसगतहि खरी.

म्हणून नकाशाकाराला दोन सत्यांतून एक निवडावें लागलें: आकाशाचें किंवा डोळ्याचें. त्यानें सूर्य खोटा काढला, म्हणूनच वाटसरूला डोंगर खरा दिसला.