दाराबाहेरचीं माणसें

अतिदक्षता विभागाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्या विभागाच्या दाराला दोन बाजू आहेत. आंत रुग्ण असतो. बाहेर त्याचे आप्त असतात. आंतील माणसाच्या नाडीची व श्वासाची नोंद घटकेघटकेला होते. बाहेरच्या माणसाच्या जिवाची घालमेल मात्र कोणत्याच कागदावर चढत नाहीं. या दाराबाहेरच्या माणसांचा वृत्तांत हाही वैद्यकाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

पूर्वी हें दार नव्हतेंच. निजामी अमदानींत बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून दुखणाईत माणूस घरांतच असे. वैद्य घरीं येई. कोणी कपाळावर ओली पट्टी ठेवी, कोणी पाय चेपी, कोणी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला नवस बोले. त्या काळाचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं; आज जीं माणसें सहज वांचतात, तीं तेव्हां डोळ्यांदेखत जात. पण घरच्यांच्या हातांना कांहीं तरी काम होतें, आणि जें घडे तें त्यांच्या समक्ष घडे.

दार आलें तें एका मोठ्या उपकारापाठोपाठ. १९५२ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकीं २७ दगावले. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञानें २७ ऑगस्ट रोजीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद देववून तींत नळी बसवून घेतली, आणि रबरी पिशवी हातानें दाबून तिला श्वास दिला. मुलगी वांचली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीनें रुग्णांच्या उशाशीं बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. १९५३ च्या डिसेंबरांत इब्सेननें त्याच शहरांत अत्यवस्थ रुग्णांसाठीं स्वतंत्र विभाग काढला. जगांतील पहिला अतिदक्षता विभाग तो हाच, असें मानतात.

त्या पिशवीवर माणसाचा हात होता. पुढें हाताची जागा यंत्रानें घेतली. जंतुसंसर्गाचें भय, जागेची टंचाई आणि कामाची घाई यांमुळें दार लागलें, आणि भेटीची वेळ घड्याळाच्या कांट्यावर ठरूं लागली. पाय चेपणारे हात बाहेरच्या बांकावर रिकामे राहिले.

मराठवाड्याच्या ग्रामीण भागाला मोठ्या वैद्यकीय उपचारांचा लाभ होऊं लागला तो १९७४ नंतर. त्या वर्षीं अंबाजोगाई येथें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय सुरू झालें. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे हे नेते एके काळीं याच गांवीं शिक्षक होते. ग्रामीण भागांतील आशियांतलें पहिलें वैद्यकीय महाविद्यालय म्हणून या संस्थेची ओळख आहे. ज्यांना मुंबईपुणें दूर आणि परवडणारें नव्हतें, त्यांच्यासाठीं बालाघाटाच्या डोंगरावर उपचाराचें दार उघडलें.

परंतु या जिल्ह्याची एक अडचण निराळी आहे. दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडणीला पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. घरीं म्हातारीं माणसें व मुलें उरतात. अशा घरांतील वृद्धाला अतिदक्षता विभागांत न्यावें लागलें, तर कर्ता मुलगा दूर उसाच्या फडांत असतो आणि दाराबाहेर म्हातारी, शेजारी किंवा कोवळा नातू बसलेला असतो. डॉक्टरांनीं सांगितलेलें तो ऐकतो, मामा किंवा चुलता फोनवर विचारतो, “काय म्हणाले रे?” तेव्हां त्याला सांगतां येत नाहीं. व्हेंटिलेटर लावला म्हणजे सारें संपलें, असाच अनेकांचा समज असतो. तो लावल्यावरही माणूस घरीं परत येऊं शकतो, हें कोणीं तरी सोप्या मराठींत सांगावें लागतें.

या माणसांना काय हवें असतें? नॅन्सी मोल्टर या अमेरिकन परिचारिकेनें हा प्रश्न ४० नातलगांना विचारून १९७९ सालीं उत्तरें प्रसिद्ध केलीं. सर्वांत वरची गरज निघाली ती आशेची. त्याखालोखाल, आपल्या माणसाची येथें कोणाला तरी कळकळ आहे ही खात्री, बसण्यास जवळ जागा, प्रश्नांचीं प्रामाणिक उत्तरें, समजेल अशा भाषेंत रोजची खबर, आणि प्रकृतींत पालट झाल्यास घरीं निरोप. यांतली एकही गोष्ट यंत्राच्या किंमतीची नाहीं.

फ्रान्समध्यें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, सुमारे निम्म्या कुटुंबांना रोग, उपचार किंवा पुढील आशा यांपैकीं कांहीं तरी नीट समजलेलेंच नव्हतें. तेथेंच २२ अतिदक्षता विभागांत झालेला आणखी एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. मरणोन्मुख रुग्णांच्या कांहीं आप्तांशीं डॉक्टर ठरवून सविस्तर बोलले. नेहमींच्या बैठकींत आप्तांना बोलावयास ५ मिनिटें मिळत. येथें १४ मिळालीं. तीन महिन्यांनंतर त्यांच्यांत मानसिक आघाताचीं लक्षणें ४५ टक्क्यांत दिसलीं, इतरांत ६९ टक्क्यांत. माणूस गेलाच; परंतु मागें राहिलेल्यांचें दुःख नऊ मिनिटांनीं कांहींसें हलकें झालें.

याची उलट बाजू २०२१ च्या एप्रिलांत बीड जिल्ह्यानें पाहिली. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत अंबाजोगाई येथें २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेंतून स्मशानांत नेण्यांत आले. गाड्या अपुऱ्या असल्याचें सांगण्यांत आलें. त्या महिन्यांत रुग्णालयाचे कर्मचारी स्वतःचा जीव धोक्यांत घालून राबत होते, हेंही खरें. परंतु ज्यांना आपल्या माणसाचा शेवटचा चेहरा पाहतां आला नाहीं, त्यांच्या मनांतील तो दिवस कसा मिटावा?

कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीं रुग्णाच्या उशाशीं बसून श्वास पुरविला. दाराबाहेर बसलेल्याला श्वासाची नव्हे, शब्दाची तूट असते. दिवसांतून एकदां दार उघडून, त्या म्हातारीला नांवानें हांक मारून, “बसा आजी, आज असें असें आहे,” एवढें सांगणारें कोणी असलें, तर तिची ती रात्र थोडी सोपी जाते. वैद्यकानें मरणाशीं झुंजण्याचीं साधनें मिळविलीं. दाराबाहेरच्यांना धीर देण्याचें साधन त्याच्यापाशीं प्रारंभापासूनच होतें.