‘हाली’, ‘कलदार’ आणि ‘माप’ : अर्थांतराविषयी एक टिपण

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव महाराष्ट्रास मुख्यत्वे नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे परिचित आहे. हे आडनावही गावाबाहेर पडल्यावरच सार्थ होते. गावातल्या गावात त्याने कोणाची ओळख पटणार? हा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो 1999 साली. अंमल बदलला की नाणे, माप आणि सालगणना बदलतात. त्यांची नावे मात्र लोकांच्या तोंडी आणि दप्तरांत मागे राहतात, आणि तेथेच अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव असतो.

कुरुंद्याकडील शेतजमिनीचे एखादे जुने गहाणखत हाती आले आणि त्यात ‘रुपये 700 हाली’ असा उल्लेख आढळला, तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? ‘हाल’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ स्थिती, विशेषतः सांप्रतची स्थिती. मराठीतील ‘हल्ली’ त्याच कुळातला. आपल्याकडे ‘हाल’ मात्र दुर्दशेपुरताच संकोचला. यात भाषकांच्या अनुभवाचा काही अंश असावा असे वाटल्यावाचून राहत नाही. 1857 च्या उठावानंतर मोगल बादशहाचे नाव हैदराबादच्या नाण्यांवरून गेले. त्यानंतरचे संस्थानी नाणे ते ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू नाणे. तेव्हा वरील खतातील ‘हाली’ हे क्रियाविशेषण नसून नाण्याचे नाव आहे. ‘सध्या रुपये 700’ असे त्याचे वाचन केल्यास वाक्य बिनचूक वाटते, पण व्यवहार चुकतो.

याच्या जोडीचा शब्द ‘कलदार’. ‘कल’ म्हणजे यंत्र. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया टांकसाळीत यंत्रावर पाडलेला, म्हणून कलदार. हाली रुपया पूर्वी हातोड्याने ठोकून पाडीत. विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारची आकृती असलेली हाली नाणीही यंत्रावर पडू लागली. शब्दार्थ पाहता तीही कलदारच झाली; परंतु लोकांनी ते नाव ब्रिटिश रुपयाकडेच ठेवले. कृतीवरून पडलेले नाव येथे राजसत्तेचे नाव होऊन बसले होते.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नव्हे. 1950 साली भारतीय रुपया संस्थानात आला तेव्हा 7 हाली रुपये म्हणजे 6 भारतीय रुपये असे प्रमाण होते. त्या हिशेबाने 700 हालींचे गहाण 600 रुपयांत सुटावयाचे. खतातील एका विशेषणावर कुळाचे 100 रुपये अवलंबून होते, आणि ज्याला अक्षरओळख नाही अशा कुळास ते विशेषण दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावे लागे. 1951 मध्ये हाली नाणे काढणे थांबले. 1959 मध्ये ते चलनातून पूर्णपणे गेले. ‘चालू’ हेच ज्याचे नाव, ते नाणे आता बंद नाण्यांच्या संग्रहात पाहावे लागते.

त्याच खतावरील साल बहुधा फसली असते. ‘फसल’ म्हणजे पीक. इसवी सनासाठी त्यात सुमारे 590 मिळवावे लागतात. फसली 1330 म्हणजे 1920–21.

धान्याच्या मापांची गोष्ट अधिक नाजूक आहे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही चढती परंपरा आकारमानाची. पण ‘शेर’ हे वजनाचेही नाव होते. ज्वारीचा मापी शेर आणि तुपाचा वजनी शेर यांची गल्लत केल्यास बलुत्याचे सारे गणित कोसळते. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. म्हणजे संख्येची जागाही शुभशब्दाने घेतलेली.

1956 च्या वजन-मापविषयक कायद्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि बाजारातून ही मापे हटली. घरात मात्र एक राहिले. नववधू उंबरठ्यावरील तांदळाने भरलेले माप उजव्या पायाने लवंडून आत येते. पुष्कळ घरी त्या जागी आता तांब्या किंवा कलश ठेवतात, तरीही विधीचे नाव ‘माप ओलांडणे’ असेच आहे. त्यात तांदूळ किती, हे कोणी विचारत नाही.