दिवाळीत सगळे आनंदात, मग मन उदास का? सणासुदीत मनाची काळजी कशी घ्यावी?

गणपती गेले की नवरात्र येतं आणि नवरात्र संपतं न संपतं तोच दिवाळीची साफसफाई सुरू होते. मराठी घरांत वर्षातले सगळ्यात गडबडीचे महिने हेच. याच काळात अनेकांची झोप उडते, चिडचिड वाढते, उगाच रडू येतं किंवा काहीच नकोसं वाटतं. 'सणासुदीला तोंड पाडून बसू नये' असं ऐकावं लागेल म्हणून बरेच जण ते बोलूनही दाखवत नाहीत.

असं का होतं, घरच्या घरी काय करता येतं आणि डॉक्टरांकडे कधी जावं, याची ही माहिती.

सणात मन का बिघडतं?

कारण बहुतेक वेळा एकच नसतं. अनेक ताण एकाच आठवड्यात येऊन पडतात.

पहिला ताण झोपेचा. रात्री उशिरापर्यंत आरास, फराळ, प्रवास आणि नरक चतुर्दशीला पहाटेचं अभ्यंगस्नान. झोप सलग काही दिवस कमी पडली की साध्या गोष्टींचाही राग येतो.

दुसरा पैशाचा. कपडे, भेटवस्तू, गावाचं तिकीट, भाऊबीजेची ओवाळणी असा खर्च एकदम येतो. बोनस मिळाला नाही किंवा नोकरीच गेली असेल, तर सणाची चाहूलही धास्तीची वाटते.

तिसरा कामाचा. चकल्या, करंज्या, अनारसे, पाहुण्यांचं जेवण, घराची झाडलोट हे बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. सुट्टी सगळ्यांची असते, तिची नसते.

चौथा नात्यांचा. 'लग्न कधी?', 'गोड बातमी कधी?', 'पगार किती?' हे प्रश्न विचारणारा विसरून जातो, ऐकणाऱ्याच्या मनात ते राहतात.

फोनवरची दिवाळी इतकी छान का दिसते?

माणूस स्वतःची किंमत इतरांशी तुलना करून ठरवतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं. तेव्हा तुलना व्हायची ती शेजारी आणि नातेवाइकांशी. आता ती फोनमधल्या शेकडो लोकांशी होते. शिवाय ते टाकतात तो फोटो रांगोळीचा आणि नव्या साडीचा असतो. त्याच घरातलं सकाळचं भांडण फोटोत येत नाही.

लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज या दिवसांत स्टेटस आणि रील्स पाहण्याची वेळ ठरवून घेतली, नोटिफिकेशन बंद ठेवली, तर बराच फरक पडतो. ज्यांच्या पोस्ट पाहून हमखास वाईट वाटतं, त्यांना काही दिवस म्यूट करावं. त्यांना ते कळतही नाही.

घरात दुःख असेल तर?

माणूस गेल्यानंतरची पहिली दिवाळी सर्वांत अवघड असते. अशा घरात त्या वर्षी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी डबा घेऊन येतात, ही पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. दुःखातल्या घराला एकटं सोडायचं नाही, हा तिचा चांगला भाग. डबा देऊन लगेच निघण्याऐवजी थोडं बसावं. गेलेल्या माणसाचं नाव टाळू नये. 'आता सावर' म्हणण्यापेक्षा आठवणी ऐकून घेणं जास्त उपयोगी पडतं.

विधवा, घटस्फोटित किंवा वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांना हळदीकुंकू आणि ओवाळण्यातून वगळलं जातं, तेव्हा सणच टोचतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. घरात मात्र यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही. पहिलं बोलावणं तिला दिलं तरी पुरे.

घरच्या घरी काय करता येईल?

• सण सुरू होण्याआधी घरात बसून खर्चाचा आकडा ठरवावा आणि तो मुलांनाही सांगावा. हप्त्यावर घेतलेली वस्तू दिवाळीनंतरही फेडावी लागते.
• कामं नावानिशी वाटावीत. 'मदत लागली तर सांग' यापेक्षा 'भांडी माझ्याकडे' हे बरं. काही फराळ विकत आणला तर सण उणा होत नाही.
• झोपेची वेळ शक्यतो बदलू नये. एक रात्र जागरण झालंच, तर दुसऱ्या दिवशी भेटीगाठी कमी ठेवाव्यात.
• नको त्या प्रश्नांचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं. 'ठरलं की तुम्हाला कळवीनच, काकू' एवढं म्हणून विषय बदलता येतो.
• सगळ्या आमंत्रणांना जायलाच हवं असं नाही. अर्धा तास जाऊन परतणंही चालतं.
• शिक्षण किंवा नोकरीसाठी दूर, परदेशात एकटं असल्यास व्हिडिओ कॉलची वेळ आधी ठरवावी आणि तिथल्या एखाद्या ओळखीच्याला फराळाला बोलवावं.

औषधं सुरू असतील तर?

उपवासासाठी किंवा 'आता बरं वाटतंय' म्हणून मनाच्या आजाराची गोळी स्वतःहून बंद करू नये. लिथियम घेणाऱ्यांनी नवरात्रात विशेष जपावं. पाणी किंवा मीठ खूप कमी झालं, तर रक्तातलं या औषधाचं प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं. बायपोलर आजारात सलग जागरणानं त्रास उलटू शकतो. गावी जाताना सुट्टीभर पुरतील एवढ्या गोळ्या सोबत ठेवाव्यात.

डॉक्टरांकडे कधी जावं?

सण संपल्यावर दोन-चार दिवस मरगळ येणं स्वाभाविक आहे. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप आणि भूक बिघडली, कामावर परिणाम झाला, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत.

कुणी 'आता जगून काय करायचं' असं बोलत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये. 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ, शांतपणे विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नये, घातक वस्तू दूर ठेवाव्यात आणि तातडीनं मदत मागावी.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, सेवा चोवीस तास, सणाच्या दिवशीही सुरू असते आणि मराठीतून बोलता येतं. जीवाला तत्काळ धोका असेल तर ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावं.